सुप्याच्या बाजारात वह्या का पेटल्या?

१२ मे १८७५. बुधवार, सुप्याचा बाजार. मे महिना म्हणजे शेतं उघडी पडलेली, पेरणीला अजून महिनाभर अवकाश, आणि माणसं बाजारात रेंगाळायला मोकळी. त्या दिवशी आजूबाजूच्या गावांतले कुणबी नेहमीपेक्षा जास्त संख्येने आले आणि सावकारी करणाऱ्या गुजर वाण्यांच्या दुकानांपुढे जमले. मागणी एकच होती. हिशेबाच्या वह्या काढा, खतं म्हणजे कर्जरोखे काढा. ज्यांनी काढली नाहीत त्यांची दुकानं फोडली. कापड गेलं, धान्य गेलं, एक घर पेटलं. पण आठवणीत राहिली ती रस्त्यावर पेटलेली कागदांची होळी.

सुपे म्हटलं की आज अनेकांना नगर रस्त्यावरचं, पारनेर तालुक्यातलं सुपे आठवतं, एमआयडीसीचं. हे ते नव्हे. हे पुणे जिल्ह्यातलं, शहाजीराजांच्या जहागिरीतलं सुपे. तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आता बारामतीत आहे. पर्जन्यछायेचा मुलूख, बाजरी-ज्वारीची जमीन. कालवे आणि ऊस ही फार नंतरची गोष्ट.

चोवीस तासांच्या आत चौदा मैलांवरच्या एका गावात बड्या मारवाडी सावकाराच्या गंज्या पेटल्या, घराला आग लागली. मग लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. हेच ते दख्खनचे दंगे. भीमथडी, इंदापूर, शिरूर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत अशा तालुक्यांतल्या तीसहून अधिक ठिकाणी दंगे झाले. सप्टेंबरात सातारा जिल्ह्यातल्या कुकरूडला एक उठाव झाला, आणि तिथे हे संपलं. पोलिसांच्या मदतीला लष्कराच्या तुकड्या आल्या. एकूण ९५१ माणसं पकडली, ५०१ जणांना शिक्षा झाली. काही गावांत जादा पोलिस ठाणी बसवली आणि त्यांचा खर्च गावावरच टाकला.

आकड्यांवरून पाहिलं तर हा काही १८५७ नव्हे. दख्खनच्या दंग्याचं उगाच अवडंबर माजवलं गेलं असं म्हणणारे अभ्यासक आहेत, आणि दंग्याच्या आकारापुरतं त्यांचं म्हणणं खरंही आहे. रक्त फारच थोडं सांडलं. पण मला या प्रकरणात कुतूहल आहे ते दंगेखोरांनी काय केलं नाही याचं. चिडलेला जमाव पैसा लुटतो, माणसं मारतो. इथे सावकाराने खतं हवाली केली की बहुतेक ठिकाणी जमाव त्याला सोडून पुढे जाई. म्हणजे या माणसांना नेमकं काय नष्ट करायचं आहे हे ठाऊक होतं. ते त्यांना कसं कळलं, हे समजून घ्यायचं तर एक खत हातात घेऊन वाचावं लागतं.

नांगराची निशाणी

जुन्या कर्जरोख्याच्या तळाशी सहीच्या जागी बरेचदा एक छोटं चित्र असतं. दोनतीन रेघांत काढलेला नांगर. कुणब्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून कारकुनाने त्याचं नाव लिहायचं आणि बाजूला त्याची निशाणी म्हणून नांगर काढायचा. बरेचदा तो नांगरही कारकूनच काढी. वर काय लिहिलंय हे खाली निशाणी असलेल्याला वाचता येत नसे. त्याच्या कानावर पडलेलं आणि कागदावर उतरलेलं यांत फरक असेल तर तो त्याला कळे थेट कोर्टात. तिथे तो गेलाच तर.

आता हिशेब मांडून पाहू. आकडे मी सोईचे घेतो, रीत मात्र तीच. बैल मेला म्हणून कुणब्याने शंभर रुपये काढले. व्याज दरमहा शेकडा दोन. यात त्या काळी कुणाला नवल वाटलं नसतं. मनोती म्हणून आधीच काही रुपये कापून घेत, ते आपण सोडून देऊ. तीन वर्षं पीक यथातथाच आलं, फेड काहीच झाली नाही. व्याज झालं ७२ रुपये. सावकार म्हणतो, खत बदलून दे. नवं खत होतं १७२ रुपयांचं, आणि त्यात पूर्ण १७२ हे मुद्दल. जुन्या खतातले शंभर कुठे गेले, व्याज किती, याचा नव्या कागदावर मागमूस नाही. आणखी तीन वर्षांनी नवं खत २९६ चं. मग ५०९ चं. बाराव्या वर्षी ८७५ चं. एका बैलाचे शंभर रुपये.

इथे कुणी जाणकार विचारेल की दामदुपटीचं काय? आपल्याकडे जुना नियम असा की एका वेळी व्याजाची वसुली मुद्दलापेक्षा जास्त करता येत नाही. शंभर दिले तर फार तर दोनशे घ्या. मुंबई इलाख्यातली कोर्टंही हा नियम मानत होती. पण दामदुपट बघायची तर मुद्दल कोणतं हे आधी ठरावं लागतं. दर तीन वर्षांनी खत बदललं की व्याज मुद्दलात मुरतं, आणि कोर्टापुढे येतं ते फक्त शेवटचं खत. त्या खतापुरतं बघितलं तर नियम कुठेच मोडलेला नाही. सावकाराने दामदुपटीला हातही लावला नाही, फक्त वळसा घातला.

आणि ही तीन वर्षं आली कुठून? सरकारकडून. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या, नोंदणी न केलेल्या खतावर दावा लावायची मुदत तीन वर्षं केली. त्याआधी मुंबई इलाख्यात लेखी खताला बारा वर्षं मिळत. मुदत कमी करण्यामागे हेतू वाईट नव्हता. जुनी, सडलेली कर्जं उकरून सावकाराने गरिबाला छळू नये, असा विचार होता. प्रत्यक्षात सावकाराला दर तीन वर्षांनी कुळाच्या, म्हणजे कर्जदाराच्या, दारात जाऊन 'खत बदल, नाहीतर फिर्याद' म्हणायला कायदेशीर निमित्त मिळालं. व्याजावरची कायदेशीर मर्यादा तर १८५५ मध्येच उठली होती. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हेच.

'नाहीतर फिर्याद' या दोन शब्दांत काय भरलं होतं हेही सांगायला हवं. फिर्याद लागली की समन्स निघे. मुन्सफाचं कोर्ट वीस-तीस मैलांवर असेल, तर जाण्यायेण्यात दोनतीन दिवस मोडणार, वकिलाचे पैसे वेगळे, आणि जाऊन सांगायचं काय? कोर्ट विचारणार, ही निशाणी तुझी का? हो म्हटलं की संपलं. खतामागे काय घडलं ते तपासायचा अधिकार आणि सवय दोन्ही त्या काळच्या कोर्टांकडे नव्हती. म्हणून कुणबी जातच नसे आणि हुकूमनामे, म्हणजे कोर्टाचे निकाल, ढिगाने एकतर्फी होत. हुकूमनामा हाती आला की सावकार लगेच जप्ती आणीलच असं नाही. बऱ्याचदा तो हुकूमनामा कपाटात ठेवून द्यायचा. बेलीफ येईल, बैल-भांडी नेईल, दिवाणी तुरुंगात टाकतील, या धाकावर पुढची कित्येक वर्षं कुळाकडून वाटेल त्या खतावर नांगर काढून घेता येत असे.

दंग्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगापुढे १८७३ च्या नोव्हेंबरातला एक दस्त आला होता. दोन लोखंडी आसाच्या गाड्या आणि चार बैल कर्जापोटी सावकाराला विकले, असं त्यात कुणबी लिहून देतो. पुढच्याच ओळीत म्हणतो की, तेच चार बैल आणि त्याच दोन गाड्या मी तुमच्याकडून भाड्याने घेतल्या, दरमहा प्रत्येकी चार रुपये भाडं. आणि सर्वांत शेवटी असं की, भाडं दिल्यावर तुमच्या हातची पावती घेईन, आणि पावती नसली तर भाडं दिलं होतं असं म्हणणार नाही. बैल हलले नाहीत, गाडी हलली नाही, गोठा तोच. फक्त कालपर्यंत मालक असलेला माणूस आज आपल्याच बैलांचा भाडेकरू झाला. पावती द्यायची की नाही हे ठरवणार सावकार.

करड्यातली भिंत

दंगा सुप्याला पेटला असला तरी ठिणगी पडली ती पाच महिने आधी, शिरूर तालुक्यातल्या करडे गावात. डिसेंबर १८७४. काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने तिथल्या बाबासाहेब देशमुखांवर दीडशे रुपयांच्या कर्जापोटी हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं घर पाडलं. देशमुख म्हणजे गावातलं मानाचं घर. त्यांची भिंत पाडताना गावाने उघड्या डोळ्यांनी पाहिली. इतक्या वर्षांत गरीब कुणब्यांची किती घरं अशी गेली असतील, त्याची बातमी झाली नाही. देशमुखाचं पडलं तेव्हा गाव जागं झालं. चळवळी बहुतेक अशाच सुरू होतात, यात नाक मुरडण्यासारखं काही नाही.

गावाने दंगा केला नाही. गावाने काळूराम आणि त्याच्यासारख्यांना वाळीत टाकलं. न्हावी दाढी करीना, परीट कपडे नेईना, सुतार-लोहार हात लावीना, घरगडी कामाला येईना. हे लोण गावोगाव गेलं. इंदापूर तालुक्यातल्या कळस गावचा तर लेखी करारच आहे. जो कोणी गुजराची जमीन कसेल किंवा त्याच्याकडे चाकरी करील, त्याचं काम गावचे न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार आणि इतर बलुतेदार करणार नाहीत. ज्या गावांना कागदाने गाडलं, त्यांनी आपला कागद लिहून काढला, ही गोष्ट माझ्या फार लक्षात राहते.

दरम्यान एक अफवा फिरत होती. मारवाड्यांनी आपली खतं परत द्यावीत असा खुद्द राणीचा विलायतेहून हुकूम आला आहे, अशी. ऐकायला भाबडं वाटतं. पण जमावाच्या मनातलं गणित त्यात नेमकं दिसतं. आपण कायदा मोडतो आहोत असं त्यांना वाटत नव्हतं. वरचा हुकूम आलाय, इथले साहेब तो बजावत नाहीत, तेव्हा आपणच बजावू.

आणखी एक खटकणारी बाब. निशाण्यावर होते गुजर आणि मारवाडी. गावात ब्राह्मण सावकारही होते, व्याज तेही घेत, पण जमाव बहुधा त्यांच्या वाटेला गेला नाही. गावातला म्हणून गावकीचा धाक असलेला सावकार आणि बाहेरून आलेला, कोर्टावरच भिस्त ठेवणारा सावकार यांत कुणब्याने फरक केला असं म्हणता येतं, आणि त्यात तथ्य आहे. पेशवाईत सावकाराला वसुलीसाठी गावाच्याच मदतीवर अवलंबून राहावं लागे, म्हणून तो हात राखून वागे. कोर्टं आल्यावर ती गरज उरली नाही. तरी परका दिसणाऱ्यावर राग काढणं सोपं असतं हेही तितकंच खरं, आणि दुकान लुटलं गेलेल्या प्रत्येक गुजराने दामदुपटीला वळसा घातला होता असं काही नाही.

शेतसारा कुठे होता?

आतापर्यंत सावकाराबद्दलच बोललो. आयोगानेही तेच केलं. कर्जाचा दोष मुख्यतः सावकार आणि कायद्याकडे, शेतसाऱ्याकडे नाही, असा त्याचा सूर. आयोगाच्याच एका सदस्याने, ऑकलंड कॉल्व्हिन यांनी, साऱ्याच्या बोजावर बोट ठेवणारं वेगळं टिपण लिहिलं. मला ते जास्त पटतं.

इंग्रजांची रयतवारी, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याशी ठरवणारी, मोजणी या भागात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापुरातून सुरू केली. सारा तीस वर्षांसाठी ठरलेला. सारा तुलनेने माफक होता, हे कबूल करायला हवं. तीस वर्षं संपली आणि १८६७ मध्ये फेरआकारणी आली. साऱ्यात वाढ ५० ते १०० टक्के. जमिनीत इतकी सुधारणा झालेली नव्हती. पण मध्यंतरी भाव चढले होते, आणि अधिकाऱ्यांनी तोच भाव कायमचा धरला.

तो भाव अमेरिकेतून आला होता. १८६१ मध्ये तिथे यादवी सुरू झाली, अमेरिकेचा कापूस बंद पडला आणि मँचेस्टरने हिंदुस्थानाकडे वळवलेला पैसा मुंबईत धो धो आला. भीमथडीत कापूस फारसा नव्हता. पण पैशाला सीमा नसते. गाड्यांना भाडं मिळालं, रेल्वेच्या कामावर मजुरी मिळाली, धान्याचा भाव वधारला, आणि मुंबईहून सैल झालेला पैसा सावकाराकरवी गावागावात पोहोचला. सावकार आग्रहाने देत होते, घ्या म्हणत होते. १८६५ मध्ये युद्ध संपलं. मुंबईत शेअर कोसळले, ते सगळ्यांना माहीत आहे. गावात काय झालं ते कमी सांगितलं जातं. भाव उतरले, मजुरी आटली, आणि नेमक्या त्याच वेळी वाढीव साऱ्याचा आकडा पाटलाच्या हाती आला.

सारा रोख आणि ठरल्या हप्त्याने. पीक बाजारात जाण्याआधी हप्ता आला तर? मग सावकार. खरी मेख इथे आहे. सरकारचा सारा वेळेवर गोळा व्हायचा तो सावकार कुळाच्या वतीने भरायचा म्हणून. सरकारी वसुलीचा खांब सावकारी होती, आणि सरकार दरसाल त्याच खांबाला टेकून उभं राहायचं. १८७५ च्या सुरुवातीला सरकारने फर्मावलं की साऱ्याच्या थकबाकीसाठी जमीन विकण्याआधी कुळाची जंगम मालमत्ता विकावी. सावकारांनी ताडलं की आता सारा भरला नाही तरी आपल्या गहाण जमिनीला तातडीचा धोका नाही. त्यांनी हात आखडता घेतला. कुणब्याच्या बाजूने पाहिलं तर, कालपर्यंत माझी बाजरी नेऊन माझा सारा भरणारा आज बाजरी नेतो आणि सारा भर म्हणतो. करड्यातली भिंत आणि हा नकार यांच्यामागोमाग मे महिना आला.

आयोगाने नगर जिल्ह्यातल्या १२ गावांची बारकाईने तपासणी केली. एकतृतीयांश खातेदार कर्जात बुडालेले. कर्ज सरासरी ३७१ रुपये, सारा सरासरी २० रुपये, म्हणजे साऱ्याच्या अठरा पट. कर्जाचा जवळजवळ दोनतृतीयांश भाग जमिनीच्या गहाणावर. अर्थात त्या ३७१ मधले खरोखर हातात पडलेले किती आणि तीन-तीन वर्षांनी मुद्दलात मुरलेलं व्याज किती, हे ते कागदच जळले नसते तरी कुणी सांगू शकलं नसतं. पुण्याची सार्वजनिक सभा, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका यांच्या पुढाकाराने, दंग्याच्या दोनतीन वर्षं आधीपासून साऱ्याच्या वाढीची चौकशी करत होती. विंगेटने तर १८५२ मध्येच लिहिलं होतं की कायद्याने वसुली सोपी केल्यामुळे कर्ज घातक प्रमाणात फुगलंय. सरकारला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

कायदा आला

चार वर्षं गेली. मध्ये १८७६-७७ चा दुष्काळ येऊन गेला, १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड केलं, आणि १८७९ चा सतरावा कायदा आला. दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो पहिल्यांदा लागू झाला.

कायदा ज्याने कुणी लिहिला त्याला खताचं मर्म कळलेलं होतं, हे मात्र मान्य करावं लागतं. कोर्टाने खताच्या मागे जावं, व्यवहार पहिल्या रुपयापासून उलगडावा, व्याज आणि मुद्दल वेगळं मोजावं. शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकू नये. खास गहाण लिहून दिल्याशिवाय जमीन विकू नये. मुदत वाढवावी, म्हणजे तीन वर्षांनी दारात यायचं निमित्त उरणार नाही. कुळाने मागितल्यावर सावकाराने पावती आणि हिशेब द्यावा. आणि प्रत्येक दस्त गावच्या रजिस्ट्रारासमोर, वाचून दाखवून व्हावा.

शेतकऱ्याने कर्ज काढावं कुठून, याचं उत्तर मात्र कायद्यात नव्हतं. विल्यम वेडरबर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याने पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढायची योजना मांडली, रानडे त्याच्या बाजूने होते. विलायतेतून ती फेटाळली गेली. सहकारी पतसंस्थांचा कायदा व्हायला १९०४ उजाडलं. तोवर बैल मरत होते आणि गरजवंताला अक्कल नसते.

सावकारालाही नवा कायदा वाचता येत होता. कोर्ट खताच्या मागे जाणार असेल तर खत नको. गहाण उलगडता येत असेल तर गहाणही नको. मग तो म्हणू लागला की जमिनीचं खरेदीखत कर. पैसे फेडलेस की जमीन परत देतो, माझी जबान. ती जबान कागदावर नसे. शेतकरी रजिस्ट्रारासमोर उभा राहायचा, रजिस्ट्रार खरेदीखत मोठ्याने वाचून दाखवायचा, कुणीही काही लपवायचं नाही. मग कारकून दौतीत बोरू बुडवून तळाशी दोनतीन रेघांत नांगर काढायचा.